एकशेसाठ मीटरची लहर आणि सहा मीटरची काठी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत. नाताळचा उरलेला केक असतो, शेकोटी असते, बाहेर घोटाभर बर्फ असतं. अशा वेळी एखाद्या घराच्या मागच्या अंगणात साठी ओलांडलेले एक गृहस्थ हातात बेचकी घेऊन ओकच्या झाडावर नेम धरून उभे दिसतात. बेचकीत शिशाचा गोळा असतो, गोळ्याला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधलेली असते आणि गोळा झाड सोडून बाकी सगळीकडे जात असतो. शेजाऱ्याच्या मोटारीवर गेलेला गोळा परत आणायला गेलं की शेजारी विचारतो, "पतंग अडकला का?"

"नाही, अँटेना चढवतोय."

"टीव्ही दिसत नाही का?"

"टीव्ही दिसतो. हे वेगळं आहे."

शेजारी पुढे विचारत नाही. गेल्या डिसेंबरातही त्यानं हेच विचारलेलं असतं.

हे गृहस्थ म्हणजे हौशी रेडिओवाले, जगभर ज्यांना हॅम म्हणतात त्यांतले. त्यातही एका विशेष पंथाचे. साधा हॅम वीस-पंचवीस मेगाहर्ट्झवर सुखाने बोलतो, त्याला पाच-सात मीटर लांबीच्या नळ्या पुरतात. या पंथाला मात्र १.८ मेगाहर्ट्झच हवा असतो. म्हणजे मीडियम वेव्हच्या स्टेशनांची हद्द संपते तिथून थोडं पुढे. तिथे लहरीची लांबी १६० मीटर असते, म्हणून पट्ट्याचं नाव १६० मीटर आणि लाडाचं नाव टॉप बँड. पंथाच्या सगळ्या दुःखाचं मूळ या आकड्यात आहे. अँटेना नीट चालायची तर ती लहरीच्या निम्मी, अगदी काटकसर केली तर पाव लांबीची हवी. निम्मी म्हणजे ८० मीटर. पाव म्हणजे ४० मीटर, तीही उभी, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी. आणि गृहस्थांच्या अंगणाची लांबी, कुत्र्याचं घर धरून, वीस मीटर.

मग सुरू होते तडजोड. तार झाडापर्यंत उभी न्यायची आणि तिथून आडवी वळवून कुंपणापर्यंत. कुंपण संपलं की पुन्हा वळवायची. काहींनी घराच्या छपराची ॲल्युमिनियमची पन्हळच रेडिओला जोडली आहे. काहींनी पतंग उडवून त्याला तार बांधली, काहींनी हेलियमचे फुगे. बटाटा उडवायची बंदूक घरी बनवणारेही आहेत. बटाट्यामागून दोरी, दोरीमागून तार. हल्ली ड्रोन आले, त्यामुळे बेचकीवाल्यांची पिढी स्वतःला अस्सल समजू लागली आहे.

या कसरतीनंतरही भौतिकशास्त्र हलत नाही. आडवी तार जमिनीपासून दहा मीटर उंचीवर असेल तर तिची बहुतेक शक्ती सरळ वर जाते. हॅम मंडळी अशा अँटेनाला ढग तापवायचं यंत्र म्हणतात. उभी तार फार आखूड असेल तर उलटं होतं. सहा मीटरच्या काठीला १.८ मेगाहर्ट्झवर १०० वॅट दिले तर मोठ्या मुश्किलीनं चार-पाच वॅट आकाशात जातात. बाकीचे कॉइलमध्ये आणि काठीखालच्या मातीत मुरतात. या प्रकाराचं नाव गांडुळं शेकणं. ऐन हिवाळ्यात बर्फाखालच्या गांडुळांची एवढी काळजी जगात दुसरं कोणी घेत नसेल.

मातीवर उपाय १९३७ सालीच सापडला आहे. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तीन इंजिनिअरांनी एका शेतात उभ्या अँटेनाच्या बुडाशी सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या ११३ तारा पुरून मोजमापं घेतली. तारा जितक्या जास्त तितकं मातीत कमी मुरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे मोठ्या रेडिओ स्टेशनांसाठी १२० तारा हा दंडक झाला. टॉप बँडवाल्यानं तो पाळायचा म्हटलं तर प्रत्येकी ४० मीटरच्या १२० तारा, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर तांबं. अंगणात एवढं तांबं पुरणारा माणूस बायकोला नेमकं काय सांगतो यावर कुणी शोधनिबंध लिहिलेला नाही. बहुतेक जण सोळा तारा टाकून थांबतात, त्याही गवतावर खिळ्यांनी दाबून. मे महिन्यात गवत कापायचं यंत्र फिरलं की त्या सोळाच्या बत्तीस होतात, पण निम्म्या लांबीच्या.

अमेरिकेत खरी अडचण जागेची नाही, शेजाऱ्यांची आहे. कित्येक वसाहतींच्या गृहसंस्थांच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की घरावर, अंगणात, झाडात, कुठेही अँटेना दिसता कामा नये. घराच्या भिंतीला कोणता करडा रंग चालेल हेही तिथे ठरलेलं असतं. मात्र २००६ साली अमेरिकन संसदेनं एक कायदा केला: घरमालकाला राष्ट्रध्वज लावायला गृहसंस्था बंदी करू शकत नाही. हा कायदा झाला तेव्हा देशभक्तांना आनंद झाला असेल, पण त्याचा अर्थ पहिल्या दिवशी कळला तो हॅम लोकांना. ध्वजस्तंभाच्या वेषातल्या अँटेना आता बाजारात तयार मिळतात.

"हा खांब जरा उंच नाही वाटत?" संस्थेचे सेक्रेटरी विचारतात.

"झेंडा लांबून दिसायला हवा."

"आणि बुडाशी ही पेटी कसली?"

"खांबाचीच आहे."

"आणि गवतातून या तारा?"

"विजेचा धोका. सुरक्षितता."

इथे कायदा सूड उगवतो. अमेरिकेच्या ध्वजसंहितेप्रमाणे झेंडा सूर्योदय ते सूर्यास्त फडकवायचा. रात्री ठेवायचा असेल तर त्यावर उजेड हवा. टॉप बँड चालतो रात्री. म्हणून खांबाला सौरऊर्जेचा एलईडी दिवा लावावा लागतो, आणि त्या दिव्यातलं स्वस्त सर्किट रात्रभर १.८ मेगाहर्ट्झवर खरखरत राहतं. नियम पाळण्यासाठी लावलेला दिवा, ज्या कामासाठी नियम पाळला तेच काम बंद पाडतो.

खरखर हा या पंथाचा दुसरा शत्रू. मोबाइलचा चार्जर, एलईडीची माळ, माशांच्या टाकीचा हीटर, छपरावरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर, सगळे या पट्ट्यात आवाज करतात. घरात झाडं वाढवण्यासाठी लावायच्या प्रखर दिव्यांबद्दल तर अमेरिकेच्या हौशी रेडिओ संघटनेनं सरकारी आयोगाकडे रीतसर तक्रार केली होती. घरातली झाडं कोणती, हे तक्रारीत विचारायचं नसतं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या अबरहोसन गावात रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं इंटरनेट गळायचं. दीड वर्ष कुणाला कारण कळेना. २०२० साली इंजिनिअर भर पावसात यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरले, तेव्हा दोषी निघाला एका घरातला जुनापुराणा टीव्ही. मालक रोज सकाळी सातला तो लावत असत. टॉप बँडवाल्यांनी ही बातमी वाचली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते इंजिनिअर शोधायला आले याचं.

अर्थात खरखर एकतर्फी नसते. हॅमनं शंभर वॅट सोडले की शेजारच्या खोलीतला, हात लावला की पेटणारा दिवा मोर्सच्या तालावर उघडझाप करतो. डॅश म्हणजे लांब उजेड, डॉट म्हणजे आखूड. हॅमच्या बायकोला मोर्स येत नाही, पण नवरा आज किती वैतागलाय हे तिला त्या दिव्यावरून कळतं.

एवढं सगळं कशासाठी? एका स्पर्धेसाठी. स्ट्यू पेरी नावाचे एक गृहस्थ बॉस्टनजवळच्या विन्थ्रॉपमध्ये राहत. १६० मीटरवर शंभर देशांशी संपर्क पूर्ण करणारे ते जगातले पहिले. त्यांनी गावातल्या पाण्याच्या टाकीचा अँटेनासाठी आधार घेतला होता, म्हणजे बेचकीवाल्यांचे ते कुलगुरूच. त्यांच्या नावाची स्पर्धा डिसेंबरच्या अखेरीस चोवीस तास चालते. भरवणारा क्लब ऑरेगन राज्यातल्या बोअरिंग नावाच्या गावचा आहे. गाव खरं आहे, नाव एका माणसावरून पडलं आहे, आणि क्लबच्या सभासदांना त्यावरचे सगळे विनोद आधीच माहीत आहेत.

चोवीस तासांपैकी कुणीही चौदा तासच खेळायचं, असा नियम आहे. माणसानं झोपावं म्हणून केलेला. प्रत्यक्षात उरलेले दहा तास लोक अँटेना दुरुस्त करतात. प्रत्येक संपर्काला एक गुण, आणि अंतराच्या दर ५०० किलोमीटरला आणखी एक. अंतर मोजण्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत. प्रत्येकानं आपला चौकोन सांगायचा. मुंबईचा चौकोन एमके६९, पुण्याचा एमके६८. मुंबईकरानं पुण्याशी बोललं तर दोघांना एकेक गुण, म्हणजे अगदी कमीत कमी. मुंबईकरानं बॉस्टन गाठलं तर बारा हजारांवर किलोमीटर, साधारण पंचवीस गुण. मुंबई आणि पुणे यांच्यातल्या अंतराचं एवढं रोखठोक मोल आजवर कुणी केलं नव्हतं. शिवाय पुण्याच्या चौकोनाचा आकडा एकानं कमी आहे, याबद्दल तिकडून अजून निषेध आलेला नाही हेही आश्चर्यच.

मुंबईहून बॉस्टन कधी मिळतं? दिवसा मिळणं शक्य नाही. सूर्य असतो तोवर वातावरणाच्या साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर या लहरी पिऊन टाकतो. रात्री तो थर विरतो. मीडियम वेव्हवर रात्री दूरदूरची स्टेशनं लागायची, ते याच कारणानं. म्हणून दोन्हीकडे अंधार हवा. डिसेंबरात बॉस्टनला सूर्य मावळतो तेव्हा मुंबईत पहाटेचे पावणेतीन वाजलेले असतात, आणि मुंबईत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. या चार-साडेचार तासांत काय ते करायचं. शिवाय बॉस्टनची पहाट आणि मुंबईची दिवेलागण यांच्यात डिसेंबरात जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर असतं. त्या संधिप्रकाशात लहर कधीकधी मिनिटभर पृथ्वीच्या कडेकडेनं निसटते. अमेरिकन स्पर्धक त्या मिनिटासाठी पांघरूण झुगारून उठतो आणि भारतीय स्पर्धक चहा टाकून धावतो.

मुंबईत मात्र झाडांवर नेम धरायची सोय नाही. इथे सोसायटी असते.

"गच्चीवर तार? केबलवाल्याची का?"

"नाही, परवाना आहे. केंद्र सरकारचा. परीक्षा देऊन मिळवलाय."

"मग यातून मिळतं काय?"

"बॉस्टन."

"कधी?"

"पहाटे चार वाजता. मिळालं तर."

"आणि बॉस्टनवाले काय म्हणतात?"

"चौकोन सांगतात."

सेक्रेटरी काका परवानगी देतात ती दयेपोटी. मग गच्चीवरून इमारतीच्या मागच्या बाजूनं तार सोडायची. तेरा मजली इमारत म्हणजे बरोबर पाव लांबी. उंच इमारतींचा हा फायदा बिल्डरांनी जाहिरातीत कधी लिहिला नाही. पण तार चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीसमोरून जाते आणि तिथे दुसऱ्याच दिवशी ओला टॉवेल वाळत पडलेला दिसतो. ओल्या टॉवेलनं सेटवरचा काटा हलतो, शक्ती परत येऊ लागते, ट्यूनर किरकिरतो. खाली जाऊन टॉवेल काढायला सांगावं तर काकू म्हणतात, "तुमची तार काढा की. दोरी म्हणूनच तर सोडलीय ना?"

आणि संपर्क होतो तेव्हा तो कसा असतो हेही सांगायला हवं. रिपोर्ट ५९९. म्हणजे तुमचा आवाज स्पष्ट, जोरदार, सूर शुद्ध. हा रिपोर्ट प्रत्येकाला मिळतो. ऐकू आला त्यालाही, न आला त्यालाही. घाईसाठी मोर्समध्ये नऊच्या जागी एन वाजवतात, म्हणजे तो खोटारडेपणाही पूर्ण वाक्यात होत नाही. पुढचा संवाद असा:

"५९९. तुमचा कॉलसाइन पुन्हा सांगा."

"५९९. चौकोन?"

"कॉलसाइन? कॉलसाइन?"

"चौकोन? चौकोन?"

"तुम्ही ५९९. काही ऐकू येत नाही."

इतकं झालं की दोघंही लॉगमध्ये लिहितात. पुढे दोन्ही लॉग संगणकावर पडताळले जातात आणि ज्यानं कॉलसाइन चुकीचा लिहिला त्याचे गुण कापले जातात. कापणी झाली की कारणं सुरू होतात. अँटेनाला कुणी दोष देत नाही. ती स्वतःच्या हातची असते. "कंडिशन खराब होत्या," असं म्हणतात. म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यानं ऐन वेळी ज्वाळा सोडली. सूर्याची बाजू मांडायला स्पर्धेत कुणीच नसतं.

दूरचं केंद्र मिळालं की मात्र श्रेय आखूड काठीचं. "सहा मीटरच्या काठीनं युरोप केला!" हे वाक्य प्रत्येक क्लबात ऐकू येतं. यात एक गोम आहे. काठीनं बाहेर पाठवले चार वॅट. युरोप झाला तो युरोपमधल्या त्या माणसामुळे, ज्यानं थंडीत जाऊन शेतामधून अडीचशे मीटर तार अंथरली, ती ज्या जंगलातून जाते त्याच्या मालकाची परवानगी काढली, हरणांनी तोडल्यावर पुन्हा जोडली आणि कानाला हेडफोन लावून त्या चार वॅटचा अर्धा-पाव आवाज खरखरीतून उचलला. अशा लांब, बुटक्या, फक्त ऐकण्याच्या तारेला बेव्हरेज अँटेना म्हणतात, हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावरून. बोलणाऱ्याची फुशारकी क्लबात ऐकू येते आणि ऐकणारा तिकडे तारेवरचं हरीण सोडवत बसलेला असतो.

ही परंपरा जुनी आहे. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीनं न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर वाऱ्यात पतंग चढवून दीडशे मीटर तार वर नेली. त्याआधी एक फुगा आणि एक पतंग वाऱ्यानं नेला होता. १२ डिसेंबरला त्यानं अटलांटिकपलीकडून आलेले तीन ठिपके ऐकले असं सांगितलं. खरंच ऐकले का, यावर तज्ज्ञ आजही वाद घालतात. म्हणजे लॉग तपासणी तेव्हापासून अपुरीच आहे.

पुढे अमेरिकन सरकारनं १९१२ च्या कायद्यानं हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकललं. ती जागा निरुपयोगी समजली जात होती, म्हणून उदारपणे दिली. १९२१ च्या अखेरीस अमेरिकन हौशी संघटनेनं पॉल गॉडली याला फक्त ऐकण्यासाठी जहाजानं स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसनच्या किनाऱ्याजवळ तो भर पावसात, थंडीत तंबू ठोकून बसला. बाहेर शेतात जवळजवळ चारशे मीटरची बेव्हरेज तार. आणि कनेक्टिकटच्या ग्रिनिचमधून एका क्लबचा संदेश त्यानं टिपला. पाठवणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग होता, ज्यानं पुढे एफएम रेडिओ दिला. पाठवणारे छपराखाली होते आणि ऐकणारा तंबूत, ओल्या मोज्यांत. अटलांटिक पार करण्याचं काम त्या रात्री मोज्यांनी केलं, असं म्हटलं तर आर्मस्ट्राँगची फार मानहानी होऊ नये.

स्ट्यू पेरी स्पर्धेनं मात्र हा अन्याय थोडा दूर केला आहे. पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीच्या केंद्राला जो ऐकेल त्याला त्या संपर्काचे गुण चौपट. म्हणजे काठीवाल्याचा आवाज पकडण्यात मोठ्या तारवाल्याचा स्वार्थ आला. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला कळतो. परोपकाराला गुण जोडले की तो रात्रभर टिकतो. फक्त एक अट: कमी शक्तीच्या केंद्रानं आपला लॉग पाठवायला हवा. आणि काठीवाला गृहस्थ लॉग पाठवायला नेमका विसरतो, कारण तो क्लबात युरोपची गोष्ट सांगत असतो.

तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री, तुम्ही मुंबईत असा की बॉस्टनमध्ये, शेजारच्या घरातला एक माणूस दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून बसला असण्याची शक्यता आहे. त्याला मदत करायची असेल तर बाल्कनीतली एलईडीची माळ तेवढी बंद करा. टॉवेलही काढलात तर उत्तमच.